कोणता भाग सक्तीचा, कुठे मोकळीक? शालेय रोबोटिक्स स्पर्धेची नियमावली लिहिताना

नाशिक जिल्ह्यातील शाळांसाठी रोबोटिक्स स्पर्धा भरवायचे ठरले, की नियमावली लिहिणाऱ्या समितीत एका मुद्द्यावर हमखास दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे असे, की सर्व संघांना एकच किट सक्तीचे करावे, म्हणजे गंगापूर रोडवरची सधन शाळा आणि सुरगाण्याची आश्रमशाळा एकाच पातळीवर उभ्या राहतील, तपासणी सोपी होईल आणि शिक्षकांना एकाच साहित्याचे प्रशिक्षण देता येईल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की ठरावीक छिद्रांच्या ठरावीक पट्ट्या जोडण्याला यंत्ररचना म्हणता येत नाही. मोटर कोणती घ्यावी, सांगाडा प्लायवूडचा करावा की ॲल्युमिनियमचा, चाक केवढे असावे, हे विद्यार्थ्यांना स्वतः ठरवावे लागते तेव्हाच ते अभियांत्रिकी शिकतात. दोन्ही बाजू मुलांच्या हिताचेच बोलत असतात. त्यामुळे हा वाद हात वर करून घेतलेल्या मतदानाने मिटवू नये. तो एकेका नियमापुरता सोडवावा लागतो, आणि तसा तो कसा सोडवावा हे या लेखात सांगितले आहे.

माझे मत आधीच स्पष्ट करतो. सक्ती करायचीच असेल तर ती वस्तूच्या गुणधर्माची करावी, कंपनीच्या नावाची करू नये. आणि ज्या सक्तीचे कारण दोन ओळींत लिहून दाखवता येत नाही, तिला नियमावलीत जागा देऊ नये.

आधी कारण, मग नियम

कोऱ्या कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे सक्तीचा प्रस्ताव लिहावा, उजवीकडे त्याचे कारण. माझ्या मते कारणे तीनच ग्राह्य धरावीत. पहिले, या सक्तीमुळे कुणाला इजा होण्याचा धोका कमी होतो. दुसरे, या सक्तीशिवाय सामना चालवता किंवा मोजता येत नाही. उदाहरणार्थ, सर्व रोबो एकाच वेळी सुरू आणि बंद होणे. तिसरे, या सक्तीमुळे पैशाने विकत घेता येणारा फायदा आटोक्यात राहतो. याखेरीज जी कारणे बैठकीत पुढे येतात, म्हणजे ‘परीक्षकांना हेच किट माहीत आहे’, ‘गेल्या वर्षी असेच होते’, ‘पुरस्कर्त्याची तशी अपेक्षा आहे’, ती समजून घेण्यासारखी असली तरी त्यांच्या आधारे मुलांचे स्वातंत्र्य काढून घेता येत नाही.

हा वाद आपल्याकडे नव्याने सुरू झालेला नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी १९७० च्या दशकात यंत्ररचनेचा एक अभ्यासक्रम घडवला, ज्यात प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच सटरफटर वस्तूंचा संच मिळे आणि त्यातून स्वतःचे यंत्र उभे करून स्पर्धेत उतरावे लागे. साहित्य सर्वांचे एकच, तरीही यंत्रे परस्परांपासून अगदी वेगळी, हे त्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. पुढे डीन केमेन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेने हीच कल्पना शाळांपर्यंत नेली. १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यात झालेल्या तिच्या पहिल्या स्पर्धेत २८ संघ होते. म्हणजे समान साहित्य आणि रचनेचे स्वातंत्र्य या गोष्टी मुळात एकमेकींच्या विरोधात नव्हत्या. विरोध निर्माण होतो तो संचातील वस्तू फक्त एकाच पद्धतीने जोडता येतात तेव्हा. म्हणून एखादे किट सक्तीचे करण्याचा प्रस्ताव आला, तर ‘या साहित्यातून त्याच कामासाठी तीन वेगवेगळ्या रचना होऊ शकतात का?’ असे विचारावे आणि समितीतील एखाद्या शिक्षकाला त्या तीन रचना कागदावर काढून दाखवायला सांगावे. त्या निघाल्या नाहीत, तर तो प्रस्ताव तिथेच थांबवावा.

आज चालणाऱ्या मोठ्या स्पर्धांनी आपापल्या जागी वेगवेगळ्या रेषा आखल्या आहेत आणि नियमावली लिहिण्यापूर्वी त्या पाहून घेणे उपयोगाचे ठरते. ‘फर्स्ट लेगो लीग’मध्ये लहान मुलांनी लेगोचेच भाग वापरायचे असतात आणि एका रोबोवर जास्तीत जास्त चार मोटर चालतात. त्याच संस्थेच्या वरच्या वयोगटातील ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’मध्ये मात्र नियंत्रक (रोबोच्या भागांना आज्ञा देणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), बॅटरी आणि मोटरची मान्य यादी सक्तीची असते, पण सांगाडा आणि यंत्रणा संघाने हव्या तशा घडवायच्या असतात, २०१५ च्या हंगामापासून तिथे नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचा ‘रोबोरिओ’ हाच नियंत्रक सक्तीचा केला गेला. ‘वेक्स’ या रोबोटिक्स किट बनवणाऱ्या कंपनीच्या साहित्यावर चालणाऱ्या शालेय स्पर्धेत जवळपास सर्व भाग वेक्सचेच लागतात, तरी ठरावीक मापाच्या प्लास्टिक पत्र्याचे १२ तुकडे संघाला स्वतः कापून वापरता येतात, आणि महाविद्यालयीन गटात ही मोकळीक बरीच वाढते. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटनेच्या ‘एबीयू रोबोकॉन’मध्ये, जिचे आंतरराष्ट्रीय यजमानपद पुण्याने २००८ आणि २०१४ साली सांभाळले, महाविद्यालयीन संघ आपला रोबो स्वतः बनवतात, नियम प्रामुख्याने वजन, आकार, २४ व्होल्टची कमाल मर्यादा आणि हवेचा ६ बारचा कमाल दाब अशा गुणधर्मांवर बोलतात. आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ स्पर्धेत याच्या उलट, निवडलेल्या संघांना संच पाठवला जातो आणि कसोटी मुख्यतः प्रोग्रॅमिंगची असते. या सगळ्यांत एक धागा दिसतो: बहुधा वय आणि अनुभव वाढतो तसा सक्तीचा परीघ लहान होतो, आणि ज्या कौशल्याची परीक्षा घ्यायची आहे ते कौशल्य त्या परिघाच्या बाहेर ठेवले जाते. आपल्या स्पर्धेत यांत्रिक रचना पाहायची आहे की प्रोग्रॅमिंग, हे समितीने एका वाक्यात लिहून भिंतीवर लावले, तर पुढचे निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

आठवी ते दहावीच्या गटासाठी मी सुचवतो ती मांडणी अशी: रोबोचा वीजपुरवठा आणि बंद करण्याची सोय सक्तीची, दूरनियंत्रणाची शिस्त सक्तीची, एकूण खर्चाची आणि आकाराची मर्यादा सक्तीची; सांगाडा, चाके, मोटर, हात, पकड आणि प्रोग्रॅम पूर्णपणे मोकळे.

वीजपुरवठा: इथे सक्ती करताना संकोच नको

बॅटरीच्या बाबतीत मोकळीक देणे म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेशी खेळणे होय. ड्रोनमध्ये वापरतात त्या उघड्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या हलक्या आणि जोरकस असतात, पण त्यांना छिद्र पडले, त्या जास्त चार्ज झाल्या किंवा त्यांची टोके एकमेकांना टेकली, तर त्या पेट घेऊ शकतात; ऐन सामन्याच्या गर्दीत, सतरंजीवर बसलेल्या पन्नास मुलांच्या शेजारी असा प्रसंग ओढवणे कुणालाच परवडणारे नाही. म्हणून शालेय गटात दोनच प्रकार मान्य करावेत: १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, किंवा संरक्षक सर्किट बसवलेला आणि बंदिस्त आवरणातला ११.१ व्होल्टचा लिथियम-आयन पॅक. पहिला प्रकार वजनाला दोन-अडीच किलो भरतो, पण नाशिकसारख्या जिल्ह्यात त्याचा मोठा फायदा असा, की द्राक्षबागायतदारांच्या घरी पाठीवरच्या फवारणी पंपात बहुधा याच जातीची १२ व्होल्टची बॅटरी असते आणि तालुक्याच्या गावी ती सहज मिळते. दिंडोरी किंवा निफाडच्या शाळेला त्यासाठी शहरात खेप घालावी लागत नाही.

बॅटरीनंतर फ्यूज. लेड-ॲसिड बॅटरीची दोन टोके चुकून जोडली गेली, तर क्षणार्धात शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो आणि बारीक तारेचे आवरण वितळते. म्हणून बॅटरीच्या धन टोकाजवळच, १५ सेंटिमीटरच्या आत, १० अँपिअरचा वाहनांत वापरतात तो ब्लेड फ्यूज सक्तीचा करावा. तो कोणत्याही ऑटो-इलेक्ट्रिशियनच्या दुकानात मिळतो, आणि १० अँपिअरचा फ्यूज रंगाने लाल असल्यामुळे तपासनीसाला तो दुरूनही ओळखता येतो. बॅटरीपासून मुख्य स्विचपर्यंतची तार १.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी.

या फ्यूजचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या दृष्टीने रचनास्वातंत्र्याच्या वादात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मोटरची मान्य यादी करायची की नाही, यावर समित्या तासन्तास भांडतात. यादी केली की ती दरवर्षी जुनी होते, यादीतली मोटर बाजारात मिळेनाशी होते, आणि बिनलेबलची मोटर यादीतलीच आहे हे सिद्ध करणे अशक्य होते. आपल्याकडच्या पिवळ्या बीओ मोटरवर (शालेय रोबोंत वापरतात त्या स्वस्त, लहान गिअर मोटरवर) तर बहुतेक वेळा काहीच छापलेले नसते. यादी केली नाही, तर ज्याच्याकडे पैसे आहेत तो भारी मोटर लावून इतरांना ढकलून देईल अशी भीती असते. पण १२ व्होल्ट आणि १० अँपिअर म्हटले की संपूर्ण रोबोला सलग मिळणारी शक्ती सुमारे १२० वॅटच्या आत राहते, मग ती दोन मोठ्या मोटरमध्ये खर्च करायची की सहा लहान मोटरमध्ये, चाकांना जास्त द्यायची की हाताला, हा निर्णय संघाचा. मोटर अडकली की ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, त्यामुळे ज्याने आपल्या मोटरची अडकल्यावेळची ओढ मोजली नाही त्याचा फ्यूज सामन्यात उडतो, आणि ज्याने मोजली तो निर्धास्त राहतो. म्हणजे एका स्वस्त भागाच्या सक्तीने मोटर निवडण्याचे संपूर्ण स्वातंत्र्य जपले जाते आणि त्या स्वातंत्र्याबरोबर येणारे गणितही विद्यार्थ्यांना करावे लागते. फ्यूज काही क्षण ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त प्रवाह सोडतो, त्यामुळे ही मर्यादा काटेकोर नसते हे खरे. शालेय स्पर्धेला मात्र ती पुरेशी आहे. वेक्सच्या शालेय स्पर्धेतही अलीकडे मोटरची संख्या मोजण्याऐवजी सर्व मोटरची मिळून ८८ वॅटची मर्यादा घातली गेली.

मुख्य स्विच लाल रंगाचा, रोबोच्या वरच्या बाजूस आणि हात यंत्रणेत न घालता दाबता येईल असा असावा. यावर कुणाचाही आक्षेप येत नाही, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

दूरनियंत्रण

शालेय रोबोंमध्ये एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल फार वापरले जाते. ते कारखान्यातून येते तेव्हा सर्वांचे नाव एकच असते आणि जोडणीचा आकडा बहुधा १२३४ असतो. एका सभागृहात असे वीस रोबो सुरू झाले, की एका संघाच्या फोनला दुसऱ्याच संघाचा रोबो जोडला जातो आणि भांडण होते. यावर उपाय म्हणून विशिष्ट कंपनीचा रिमोट सक्तीचा करण्याची सूचना येते; ती स्वीकारू नये. ‘मॉड्यूलचे नाव संघक्रमांकाप्रमाणे बदललेले असावे, जोडणीचा आकडा बदललेला असावा, आणि संपर्क तुटल्यास रोबो एका सेकंदाच्या आत आपोआप थांबावा’ अशा तीन अटी पुरतात. मग संघाने ब्लूटूथ वापरावे, ईएसपी-३२ या छोट्या बोर्डाचे वायफाय वापरावे की खेळण्यातल्या गाडीचा रिमोट, हे त्याच्यावर सोडावे. तिसरी अट तपासायला सोपी आहे: रोबो चालू असताना फोन बंद करायचा आणि पाहायचे. नियंत्रकाचीही सक्ती करू नये. आर्डुइनो उनो या नियंत्रक बोर्डाची रचना खुली असल्याने त्याच्या स्वस्त प्रती सगळीकडे मिळतात आणि बहुतेक संघ त्याच घेतात, पण घेतल्याच पाहिजेत असे म्हणण्याचे सुरुवातीला मांडलेल्या तीन ग्राह्य कारणांपैकी एकही मला दिसत नाही.

खर्चमर्यादा: न्यायाची खरी जागा

एकच किट सक्तीचे करा म्हणणाऱ्यांचा मूळ हेतू समता हा असतो, आणि तो मी मनापासून मान्य करतो. निती आयोगाच्या अटल नवोन्मेष मोहिमेतून २०१६ पासून ज्या शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाली, त्यांच्याकडे २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान, थ्रीडी प्रिंटर आणि साहित्याचा साठा असतो. शेजारच्या शाळेकडे कदाचित एक सोल्डरिंग आयर्नही नसते. पण किटसक्तीने ही दरी बुजत नाही, कारण सधन शाळा तेच किट तीन नग घेते, एक सरावाला, एक सामन्याला आणि एक सुट्या भागांसाठी. समता हवी असेल तर पैशाच्या वापरालाच हात घालावा लागतो, आणि त्यासाठी खर्चमर्यादा हे साधन आहे.

मर्यादेचा आकडा हवेतून काढू नये. समितीने स्वतः एक साधा पण काम पूर्ण करणारा रोबो बनवावा, त्याच्या प्रत्येक भागाची किंमत शहरातील दोन दुकानांत आणि एका ऑनलाइन विक्रेत्याकडे विचारावी, मधली किंमत धरून बेरीज करावी आणि तिच्या दीडपट मर्यादा ठेवावी. दीडपट अशासाठी, की त्यामुळे वेगळा विचार करायला थोडा वाव राहतो, पण महागडे तयार यंत्र विकत आणण्याइतका राहत नाही. खरा कस लागतो तो खर्च मोजायचा कसा हे ठरवताना, आणि इथे संदिग्धता ठेवली तर मर्यादा कागदावरच राहते.

भेट मिळालेला भाग शून्य रुपयांचा धरू नये. तो बाजारात इतर संघाला ज्या किमतीला मिळेल ती किंमत धरावी. याला भंगाराचा एक अपवाद असावा. जुन्या प्रिंटरमधली मोटर, मोडक्या सायकलची साखळी, वायपरची मोटर असे भाग शोधून, उघडून, जुळवून घेणे हे स्वतःच एक शिक्षण आहे, म्हणून अशा भागाची नव्याच्या एक चतुर्थांश किंमत धरावी आणि तो कशातून काढला त्याचे छायाचित्र जोडायला सांगावे. थ्रीडी प्रिंट केलेला भाग वजनावर मोजावा: समितीने प्रति ग्रॅम एक दर जाहीर करावा आणि प्रिंटर स्वतःच्या शाळेचा असला तरी तोच दर लावावा. म्हणजे ज्या शाळेत प्रिंटर नाही ती बाहेरून प्रिंट करून घेते तेव्हा तिच्यावर अन्याय होत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न बाहेर करून घेतलेल्या कामाचा आहे, आणि नाशिकमध्ये तो टाळता येत नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पत्रा कापणारी, वाकवणारी, लेथवर भाग काढून देणारी लहान वर्कशॉप्स मोठ्या संख्येने आहेत, आणि ज्या विद्यार्थ्याच्या घरचाच असा व्यवसाय आहे त्याला लेझरने कापलेला अचूक सांगाडा एका संध्याकाळी मिळू शकतो. हे बंद करावे असे काहींना वाटते. मला उलट वाटते: या शहराचे हे बळ आहे आणि मुलांनी वर्कशॉपचा उंबरठा ओलांडणे ही स्पर्धेची मोठी मिळकत आहे. म्हणून बाहेरचे यंत्रकाम मान्य करावे, पण तीन अटींवर. त्या कामाची बाजारभावाने मजुरी खर्चात धरावी, मग ती प्रत्यक्ष दिलेली असो वा नसो. भागाचे रेखाचित्र विद्यार्थ्याने काढलेले असावे, हाताने काढले तरी चालेल, पण मापांसह. आणि तपासणीच्या वेळी ते माप तेच का ठेवले, हे संघातील कोणत्याही एका सदस्याला सांगता आले पाहिजे. तिसरी अट सर्वांत परिणामकारक आहे, कारण काकांनी बनवून दिलेल्या रोबोचे माप पुतण्याला सांगता येत नाही.

तयार यंत्रणांबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण मोकळीक देणाऱ्यांचा युक्तिवाद इथे अडखळतो. फर्स्टच्या वरच्या गटात गेल्या काही वर्षांत चारही चाके स्वतंत्रपणे वळवणारे ‘स्वर्व्ह’ प्रकारचे तयार मॉड्यूल बाजारात आले आणि अनेक चांगले संघ तेच घेऊ लागले. तिथे किटबाहेरच्या एका वस्तूवर अलीकडच्या हंगामांत ६०० डॉलरची मर्यादा आहे, पण असे एक मॉड्यूल त्या मर्यादेत बसते आणि चार घेतली तरी प्रत्येक वेगळे मोजले जाते. काहींच्या मते यामुळे मुलांचा वेळ चाकांवर न जाता पुढच्या यंत्रणांवर जातो आणि ते योग्य आहे. इतरांच्या मते ज्याला परवडते तोच चपळ होतो. आपल्या पातळीवर यातून घ्यायचा धडा असा, की मर्यादा एकेका वस्तूवर न घालता संपूर्ण रोबोवर घालावी. चारही दिशांना सरकणारी मेकॅनम चाके एखाद्या संघाला घ्यायची असतील तर खुशाल घ्यावीत. ती एकूण खर्चात मोजली गेली की त्याला पकड आणि सेन्सर यांवर काटकसर करावी लागते, आणि कशावर खर्च करायचा नि कशावर नाही हे ठरवणे हाही रचनेचाच भाग आहे.

मैदानावरचे काम कसे आखले आहे, यावरही मोकळिकीचा अर्थ अवलंबून असतो. केवळ वेगाला गुण दिले, तर नियमावली कितीही उदार असो, सगळे संघ एकच वेगवान मोटर आणि एकच बुटका सांगाडा घेऊन येतील. म्हणून कामात एकमेकांशी ओढाताण करणाऱ्या अपेक्षा असाव्यात: लहान क्रेट उंच थरावर रचणे, नाजूक फळ न दाबता उचलणे आणि अरुंद वाटेने परत येणे, असे तिन्ही असले तर उंच रोबोला उचलणे सोपे जाते आणि बुटक्याला वाट सोपी जाते. आकारासाठी ४५ सेंटिमीटरचा चौकोनी खोका हे माप सोयीचे आहे. फर्स्टच्या मधल्या गटात आणि वेक्समध्ये १८ इंचांचे जवळपास हेच माप सुरुवातीच्या आकारासाठी वापरले जाते. प्लायवूडचा तेवढा खोका करून घ्यावा. रोबो त्यात बसला की माप झाले.

नव्या शाळांसाठी किट हवेच, पण सक्तीने नव्हे

पहिल्यांदा उतरणाऱ्या शाळेला ‘तुम्हाला हवे ते करा’ असे सांगणे ही मदत ठरत नाही. पेठ तालुक्यातील एखाद्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांना मोटर ड्रायव्हर (नियंत्रकाच्या आज्ञेप्रमाणे मोटरला वीज पुरवणारा भाग) कोणता घ्यावा हेच ठाऊक नसेल, तर अमर्याद निवड त्यांना हतोत्साह करते. एल२९८एन हा ड्रायव्हर स्वस्त आहे, पण प्रत्येक बाजूस सुमारे २ अँपिअरच झेपवतो आणि स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. १२ व्होल्टची जड गिअर मोटर लावली तर तो तापतो आणि जळतो. हे ज्ञान पुस्तकातून पटकन मिळत नाही. म्हणून समितीने जो नमुना रोबो खर्च काढण्यासाठी बनवला, त्याचीच भागांची यादी, जोडणीचे चित्र आणि प्रोग्रॅम मराठीत जाहीर करावा. ज्यांना तो तसाच बनवायचा आहे त्यांना पूर्ण मुभा असावी आणि तसा बनवल्याबद्दल गुण कमी होऊ नयेत. मात्र रचनेचे विशेष पारितोषिक मूळ नमुन्यात केलेल्या बदलांवर किंवा स्वतंत्र रचनेवर द्यावे.

याच्या जोडीला पुस्तकपेढीसारखी सुट्या भागांची पेढी सुरू करावी. शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालये, आयटीआय आणि अटल लॅब असलेल्या शाळा यांच्याकडून भाग जमवून ते वर्षभरासाठी उसने द्यावेत आणि स्पर्धा झाल्यावर परत घ्यावेत. उसना भाग खर्चात धरताना सर्वांना लागू असलेलीच बाजारकिंमत धरावी, म्हणजे पेढीचा लाभ घेणाऱ्यावर नंतर कुणी बोट दाखवणार नाही.

किट विकणारा व्यावसायिक पुरस्कर्ता म्हणून पुढे आला, तर त्याचे स्वागत करावे, पण ‘आमचेच किट सक्तीचे करा’ ही अट लेखी वा तोंडी स्वीकारू नये. त्याने दिलेले साहित्य पेढीत जमा करावे आणि त्याचे नाव फलकावर आदराने लावावे. यामागे केवळ नैतिकता नाही. लेगोची १९९८ पासून चालत आलेली ‘माइंडस्टॉर्म्स’ ही मालिका २०२२ च्या अखेरीस बंद झाली, आणि ज्या शाळांचे सगळे रोबोटिक्स त्या एका मालिकेवर उभे होते त्यांना साहित्य, सुटे भाग आणि धडे सगळेच बदलण्याची वेळ आली. ज्या भागाचे किमान दोन स्वतंत्र उत्पादक नाहीत तो शालेय स्पर्धेत सक्तीचा करू नये, असा नियम समितीने स्वतःसाठीच लिहून ठेवावा.

नियमाची भाषा आणि तपासणी

प्रत्येक सक्तीच्या नियमाखाली तिचे कारण छापावे. उदाहरणार्थ: ‘बॅटरीच्या धन टोकापासून १५ सेंटिमीटरच्या आत १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज असावा. कारण: तारा जळू नयेत आणि सर्व रोबोंना मिळणारी शक्ती सारखी राहावी.’ कारण लिहिलेले असले की तपासनीसाला अनपेक्षित रचना समोर आल्यावर निर्णय घेता येतो, आणि संघालाही आपली रचना त्या कारणाला धक्का लावत नाही हे दाखवून देता येते. नियमावलीच्या सुरुवातीलाच ‘जे स्पष्टपणे मनाई केलेले नाही ते मान्य आहे’ असे वाक्य असावे; त्याच्या उलट वाक्य घातले, तर संघ प्रत्येक खिळ्यासाठी परवानगी मागत बसतात. ‘योग्य’, ‘पुरेसे’, ‘अतिमहाग’ असे शब्द टाळावेत आणि जिथे आकडा देता येतो तिथे आकडाच द्यावा.

शंकांची उत्तरे एकेका शाळेला फोनवर देऊ नयेत. प्रत्येक प्रश्न आणि त्याचे उत्तर सर्व संघांना एकाच वेळी लेखी पाठवावे, नाही तर ज्या शिक्षकांची समितीत ओळख आहे त्यांना नियम आधी कळतो. प्रश्न विचारणाऱ्या संघाचे नाव मात्र देऊ नये, कारण प्रश्नावरून त्याची रचना उघड होते.

तपासणी दोनदा करावी. पहिली, स्पर्धेच्या तीन आठवडे आधी, छायाचित्रे आणि खर्चाचा तक्ता मागवून. या टप्प्यावर चूक निघाली तर ती दुरुस्त करायला वेळ असतो, आणि दूरच्या तालुक्यातून पहाटेच्या एसटीने आलेल्या मुलांना दारातूनच परत पाठवण्याची वेळ येत नाही. दुसरी, स्पर्धेच्या सकाळी, प्रत्यक्ष: खोका, फ्यूज, लाल स्विच, फोन बंद करून थांबण्याची चाचणी, आणि रेखाचित्रावर एक प्रश्न. या दुसऱ्या तपासणीत एखादी गोष्ट नियमाबाहेर आढळली तर संघाला बाद करण्याऐवजी ती काढून किंवा बदलून खेळू द्यावे; सुरक्षिततेचा मुद्दा असेल तरच ठाम नकार द्यावा. तपासनीसांजवळ लाल फ्यूज, तार आणि स्विच यांचा थोडा साठा असावा.

नियमावली जूनमध्ये, शाळा उघडताच जाहीर करावी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्यात सुरक्षिततेशिवाय कोणताही बदल करू नये. स्पर्धा डिसेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारीचा पूर्वार्ध यांदरम्यान घ्यावी. त्यापुढे दहावीच्या मुलांना वेळ देता येत नाही. स्पर्धा आटोपल्यावर आठवडाभरात, आठवणी ताज्या असतानाच, समितीने तपासणीच्या नोंदी घेऊन बसावे आणि प्रत्येक सक्तीच्या नियमासमोर तो किती रोबोंना अडला, अडला तेव्हा खरोखर धोका किंवा अन्याय टळला का, हे लिहावे. जी सक्ती दोन वर्षे कुणालाच अडली नाही किंवा अडून काही साधले नाही ती काढून टाकावी, आणि नवी सक्ती आणायची असेल तर तिचा मसुदा सर्व सहभागी शाळांच्या शिक्षकांना मार्चपूर्वी पाठवून त्यांचे लेखी अभिप्राय जूनच्या नियमावलीआधी मागवावेत.